बागेचा भांग

माझा मामा केस कापतो. चौकातल्या दुकानाच्या पाटीवर काहीतरी भारदस्त लिहिलेलं आहे, पण तो स्वतः "माझं दुकान" एवढंच म्हणतो. पुढे दुकान, मागे राहायच्या खोल्या, आणि त्याच्याही मागे एक पायरी उतरून मामीची बाग. बाग म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. एक जास्वंद, मिरच्या-वांग्यांचा वाफा, भिंतीला टेकून उभा असलेला मोगरा, आणि न्हाणीघराच्या आडोशाला, अगदी कोपऱ्यात, कागदी लिंबाचं झाड. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा बदाम आहे. त्याची एक दांडगी फांदी आमच्याकडे वाकलेली होती आणि ती तळहाताहून मोठी लालभडक पानं बिनदिक्कत आमच्या अंगणात टाकायची.

त्या पानांवरून घरात कायमची धुसफूस. मामाचं दुकान म्हणजे आरसा. एका गिऱ्हाइकाचे केस जमिनीवर असताना दुसरं गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं त्याला चालत नाही. कापून खाली पडलं ते लगेच उचललं पाहिजे, हा त्याच्या हाताचा धर्मच. त्यामुळे मागे अंगणात पडलेलं पान दिसलं की त्याचा हात शिवशिवायचा आणि तो झाडू घेऊन निघायचा. मामी पायरीवर आडवी उभी राहायची.

"हे तुमचं दुकान नाही. माती उघडी टाकू नका बागेची. राहू द्या पांघरूण."

पांघरूण हा मामीचा शब्द. पाला, गवत, भाजीची देठं, शेंगांची टरफलं, जे मिळेल ते ती झाडांच्या बुडाशी पसरायची आणि वरून हात फिरवायची. विकतचं खत त्या बागेनं कधी पाहिलं नाही. "फुकट मिळतंय ते आधी संपवा," असं म्हणायची. पाला उचलून बघितला तर खाली काळी, ओलसर, चहाच्या चोथ्यासारखी माती असायची. शेवटी घरात तह झाला होता : पायरीपर्यंत मामाचं राज्य, पायरीखाली मामीचं.

मी या घरात आले ती अशीच. आई गेली, वडिलांनी दुसरा संसार मांडला, आणि काका-काकूंच्या घरात माझ्यासाठी जागा निघेना. मामानं मला बोट धरून आणलं. मामीनं माझी पिशवी उतरवून घेतली आणि पहिलं काम सांगितलं ते लिंबाचं रोप धरून उभं राहायचं. "सरळ धर गं, मी माती लोटते." एवढंच. बिचारी पोर वगैरे काही नाही. आता मी पोस्टात खिडकीवर बसते, चिडकी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि लिंबू माझ्याहून उंच झालंय. कुणाला नको असलेलं घरात घ्यायचं आणि त्याचं काहीतरी चांगलं होईल असं गृहीत धरायचं, हा त्या बाईचा स्वभाव. त्यावर मी वाढले. हे मी तिला कधी नीट सांगितलं नाही, म्हणून इथे सांगून टाकते.

तर मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मामी पडली. भाजी धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन पायरी उतरत होती, बदामाच्या ओल्या पानावर पाय पडला आणि ती खाली बसली ती उठलीच नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. मामा गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता. हातात ब्रश तसाच घेऊन तो धावला. हॉस्पिटलात तिला आत नेलं तेव्हा त्याच्या मनगटावर फेस वाळलेला मी पाहिला.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बाहेर बोलावून सरळ सांगितलं, "हाड बसलंय. आता सगळं त्यांच्यावर आहे. घरी गेल्यावर वॉकर धरून रोज चालायचं. दुखलं तरी चालायचं. अंथरूण धरलं तर पाय आखडेल, आणि मग चालणं कायमचं विसरा." मामानं मान डोलावली. तो घरी आला, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि मागे गेला.

काय केलं त्यानं? पहिल्यांदा बदामाची आमच्याकडची फांदी उतरवून घेतली. मग पाला काढला. सगळा. वरचा कोरडा, मधला कुजका, खालचा काळा, खुरप्यानं खरवडून खरवडून काढला. रस्ता झाडणाऱ्या मावशी ढकलगाडी घेऊन दारावरून जातात, त्यांच्या गाडीत टोपल्यांवर टोपल्या रिकाम्या केल्या. मावशी म्हणाल्यासुद्धा, "अहो, तो खालचा काळा तरी राहू द्या. सोनं आहे ते." मामा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. त्यानं शेवटी वाफ्यांवरून झाडू फिरवला. अंगण असं दिसत होतं की जणू गोटा केलाय आणि वरून तुरटी फिरवलीय. मी पायरीवरूनच परत फिरले, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मामी घरी आली. मागच्या खोलीत खिडकीशी तिचा पलंग लावला होता, मुद्दाम, बाग दिसावी म्हणून. उशीला टेकून बसली आणि पहिली नजर बाहेर टाकली.

"हे कुणी केलं?"

"मी," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी ऐटच होती. "आता पाय घसरायचा प्रश्नच नाही."

मामीनं खिडकीकडून मान वळवली. मग म्हणाली, "पडदा ओढ गं. डोळ्यांवर येतंय."

ऊन त्या बाजूला नव्हतंच.

तेव्हापासून पडदा बंद. जेवण बेतानं, बोलणं कामापुरतं, चालणं नाही. आज दुखतंय, उद्या बघू, आत्ताच गोळी घेतली. कोपऱ्यातल्या वॉकरवर आधी एक टॉवेल वाळत पडला, मग दुकानातले सगळेच टॉवेल वाळायला लागले. मामा रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिच्यापुढे उभा राहून आर्जवं करायचा. "अगं, पलंगापासून दारापर्यंत तरी." मीही करायची, पण माझी आर्जवं दुसऱ्या वाक्याला भांडणात जातात, हे माझं मलाच ठाऊक आहे.

बाहेर ऊन तापत चाललं होतं. उघडी माती आधी पांढरी पडली, मग तिला बोट जाईल एवढ्या भेगा गेल्या. सकाळी पाणी घालावं तर दुपारी जमीन ठणठणीत. मिरच्यांनी माना टाकल्या. लिंबाची पानं पिवळी होऊन गळायला लागली, आणि मामा तीही उचलून टाकत होता.

एके दिवशी तो जरा जास्तच मागे लागला. "चल ना, बाहेर जरा मोकळ्या हवेत."

मामी भिंतीकडे बघत म्हणाली, "कुठे चालत येऊ? टक्कल बघायला? बिनपाण्यानं केलीत हो तुम्ही तिची."

मामा केस कापणारा माणूस. लोक त्याच्या धंद्यावरून विनोद करतात, तोही हसतो. पण हे त्याला कुठेतरी खोल लागलं. तो दुकानात गेला आणि खुर्चीत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, स्वतः बसून राहिला. मी चहा नेऊन दिला तर आरशातूनच माझ्याशी बोलला, "तिचं बरोबर आहे. मीच केलं." आणि जरा वेळानं, "पांघरूण घालतो परत."

आता पांघरूण घालायचं म्हणजे पाला हवा. पण पाल्याचं नाव काढलं की त्याला ती पायरीखाली पडलेली मामी दिसायची. तेव्हा त्यानं डोकं चालवलं. फुकट मिळणारी एक वस्तू त्याच्याकडे रोज ढिगानं होती. केसांचं खत होतं असं कुणीतरी खुर्चीत बसून बोलल्याचं त्याला आठवलं. झालं! दुकानातला केर पोत्यात जमायला लागला. पोतं भरल्यावर साहेब मागे गेले आणि जास्वंदीपासून मिरच्यांपर्यंत केसांचा जाड, एकसारखा थर घातला. हातानं थापून बसवला. कडा निघत होत्या त्या कात्रीनं कापल्या. खोटं सांगत नाही, कात्रीनं कापल्या! मग नळी लावून पाणी सोडलं.

पाणी आत जाईना. केस भिजून एकमेकांना असे चिकटले की त्यांची घोंगडी झाली. पाणी त्यावरून घरंगळून सरळ भिंतीकडे. मामा नळी धरून उभा, आणि दोन कावळे एका टोकाला चोच लावून घरट्यासाठी सामान ओढतायत. मला हसू आवरेना. मी आत धावले आणि विचारायच्या भानगडीत न पडता खर्रकन पडदा सारला.

"मामी, आधी हे बघ, मग मला शिव्या दे."

तिनं बघितलं. जास्वंदीखाली काळंभोर, मिरच्यांखाली पांढरं, आणि मधेच एक मेंदीचा केशरी पट्टा, कारण कोपऱ्यावरचा शिंपी केस रंगवतो.

"अहो!" ती ओरडली. "जमिनीला टोप घातलात की काय?"

आणि ती हसली. हसताना खुबा दुखायला लागला म्हणून कळवळली, आणि कळवळता कळवळता पुन्हा हसली. हॉस्पिटलातून आल्यापासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. मामा नळी हातात घेऊन खिडकीशी आला, आणि ती नळी आपल्याच पायावर वाहतेय हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"काढा ते सगळं," मामी म्हणाली. "केस चांगलेच आहेत, पण ते सावकाश कुजतात, आणि असे थापले की मातीला गुदमरवून मारतात. मोकळे करून चिमूट चिमूट टाका. विंचरता ना लोकांचे? तसं विंचरून. आणि वर पाला घाला."

मामानं नळी खाली ठेवली.

"पाला नको," तो म्हणाला. "त्यानंच तुला पाडलं."

"त्यानं नाही पाडलं." मामीचा आवाज मऊ झाला. "मी बादलीकडे बघत होते. पायरीवरचं पान मी रोज बाजूला करते, त्या दिवशी नाही केलं. पाय माझा चुकला आणि शिक्षा लिंबाला झाली."

"कुणावर तरी राग काढायला पाहिजे होता गं," मामा म्हणाला, आणि खिडकीचा गज धरून रडला. माणूस रडतो तेव्हा बघू नये म्हणून मी नळ बंद करायला गेले. परत आले तेव्हा मामी गजातून हात बाहेर काढून त्याच्या कपाळावर चिकटलेला केस काढत होती.

मग मात्र घरात कामाला रंग चढला. मामी खिडकीतून हुकूम सोडणार, मामा ते पाळणार. मावशींची गाडी दारात थांबायला लागली, या वेळी रिकामी व्हायला. मावशी म्हणाल्या, "मला काय, ओझं तेवढंच कमी. पण आता हा परत उचलायला लावू नका म्हणजे झालं." मामानं त्यांचे पाय धरायचेच बाकी राहिले होते. समोरचा सुतार पोतं भरून भुसा द्यायला निघाला, तर मामी आतून ओरडली, "प्लायचा नको, त्यात गोंद असतो! रंध्याची सालपटं द्या, साध्या लाकडाची." त्यानं ती दिली, आणि मागच्या पायरीला एक कठडाही ठोकून दिला, कुणी न सांगता. चहावाल्यानं चोथा वाळवून पाठवला. शिंप्यानं विचारलं, माझे केस लागले का कामाला? एवढी सगळी माणसं मनात काही न धरता देत होती, आणि देत होती ते काय, तर टाकून द्यायचं सामान. मी पोस्टात दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते. त्या आठवड्यात मला माणसं आवडायला लागली होती, हे कबूल करते.

मामानं सगळं पसरलं ते बघण्यासारखं होतं. आधी मातीला हळूहळू, भरपूर पाणी. मग विंचरलेले केस, भुरभुर. त्यावर चोथा, सालपटं आणि वर पाल्याची जाड गादी, पण खोडाला न टेकवता, मामीच्या सांगण्याप्रमाणे. एवढं झाल्यावर त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक गोष्ट केली. पायरीपासून थेट लिंबापर्यंत, वॉकर जाईल एवढी वाट त्यानं मोकळी सोडली. दोन्ही बाजूंना पाला, मधे स्वच्छ, ठोकून घट्ट केलेली जमीन. दुकानातल्या मऊ ब्रशनं तो ती रोज सकाळी झाडायचा. एक पान पडू द्यायचा नाही.

"ही कसली वाट?" मी विचारलं.

"वाट नाही, भांग पाडलाय," तो म्हणाला. त्याला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की दुकानात येईल त्याला सांगत सुटला. एक पोलीस हवालदार दाढीला बसले होते. मामा बोलून गेला, "मागे भांग आहे बघा आमच्याकडे, बघत राहावं असा." हवालदारांना शेवटचं ऐकूच गेलं नाही. गळ्यात कापड, गालाला फेस, तसेच उठून मागे आले, इकडून तिकडे रोखून बघितलं आणि म्हणाले, "कुठाय?" मामानं पायाखाली बोट दाखवलं. "हा भांग होय!" म्हणत ते परत जाऊन बसले, पण जाताना वाटेवरूनच गेले, पाल्यावर पाय दिला नाही.

मामीची सगळी बाग हळूहळू सावरली. मिरच्यांनी माना वर काढल्या. पाणी एक दिवसाआड पुरायला लागलं. मामीची जेवणाची वासनाही परत आली. फक्त चालण्याचं नाव नव्हतं. वॉकरवरचे टॉवेल तसेच. "बघू उद्या," हे तसंच. आणि डॉक्टर काय म्हणाले होते ते मी आणि मामा विसरलो नव्हतो. पाय किती दिवस वाट बघणार? मामा भांग झाडताना मधेच थांबून खिडकीकडे बघायचा आणि पुन्हा झाडायला लागायचा.

आणि लिंबू? ते आडोशाला. खिडकीतून त्याचं टोकसुद्धा दिसत नाही.

"लिंबाला फूट आली का?" मामीनं एका सकाळी मला विचारलं. मी बघून आले.

"टोकाला काहीतरी लालसर आहे."

"लालसर म्हणजे? पालवी की किडा?"

"मला काय माहीत? छोटं आहे."

"अहो!" तिनं दुकानाकडे हाक मारली. मामा वस्तरा खाली ठेवून आला, मागे गेला, परत आला. "फूट असेल बहुतेक. पण जरा दुमडल्यासारखं वाटतंय."

"दुमडलंय म्हणजे आत अळी आहे? की कोवळं आहे म्हणून दुमडलंय? मागच्या बाजूनं बघितलंत का?"

"मागची बाजू कुठली?"

मामीनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मी नेहमीसारखी चिडलेली, मामा गोंधळलेला. आम्ही नाटक करत नव्हतो, देवाशपथ. आम्हाला खरंच कळत नव्हतं.

"तुमच्या डोळ्यांवर सोडलं तर झाड मेल्यावर कळेल मला," ती म्हणाली. "ते टॉवेल काढ त्याच्यावरचे. आण इकडे."

मी टॉवेल कुठे फेकले ते मला आठवत नाही. ती उठली. तोंड वाकडं झालं, कपाळावर घाम आला, पण उठली. खोलीतून दारापर्यंत, दारापासून पायरीपर्यंत. कठड्याला धरून ती पायरी उतरली तेव्हा मी मागे होते आणि माझे दोन्ही हात तिच्या कमरेजवळ हवेत होते. मामा पुढे गेला. तिला धरायला नाही. तो लिंबाशी जाऊन उभा राहिला, खांद्यावर गिऱ्हाइकाचा टॉवेल, आणि श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिला. वॉकरचे पाय त्या स्वच्छ वाटेवर टक टक वाजत गेले. मधेच शेजारून एक बदामाचं पान उडत येऊन तिच्या समोर पडलं. मामा झेपावला, पण तिनं मान हलवली, थांबली, वॉकरच्या टोकानं ते नीट बाजूच्या पाल्यात सारलं आणि पुढे निघाली.

लिंबाशी आल्यावर तिनं पान उलटून बघितलं. "फूट आहे," ती म्हणाली. "चांगली फूट आहे. काही झालं नाही याला." मग वॉकरच्या पायानं पाला जरा उकरला. खाली माती काळी आणि ओली होती, आणि एक गांडूळ उजेड नको म्हणून घाईघाईनं आत शिरलं. मामी त्याच्याकडे बघून हसली आणि हळूच मागे वळली. आलेली सगळी वाट तिच्या समोर होती. पायरीपर्यंत.

तिनं डोळे बारीक केले.

"अहो, भांग वाकडा पडलाय."

मामानं आयुष्यभर लोकांचे भांग पाडले. वाकडा पडला असं आजवर त्याला कुणी म्हटलेलं नाही. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, आता हा रडतो की हसतो. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, गिऱ्हाइकाचा फेस गालाला लावून घेतला आणि म्हणाला, "उद्या सरळ करतो. उद्या येशील ना बघायला?"

"यावंच लागेल," मामी म्हणाली. "तुमच्यावर कोण सोडणार?"

दुकानातून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक हाका मारत होतं. आमच्यापैकी कुणीच हललं नाही.